बिल्डमध्ये खिडकीविना ब्राउझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टीममध्ये गल्पच्या बिल्डमधून (कोडपासून साइट तयार करणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या कामांमधून) हेडलेस क्रोम चालवायला लागून बरीच वर्षं झाली. नवीन माणूस आला की पहिल्या पंधरवड्यात तेच प्रश्न विचारतो, आणि त्यातले बरेचसे आम्हीही कधी ना कधी एकमेकांना विचारलेले असतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवले. उदाहरणं गल्प (बिल्डमधली कामं, म्हणजे टास्क, चालवणारं साधन) आणि पपेटिअर (स्क्रिप्टमधून क्रोम चालवणारी लायब्ररी) यांची आहेत, पण ग्रंट, वेबपॅक, व्हीट किंवा साधी एनपीएम स्क्रिप्ट असली तरी दुखणी तीच. कोडच्या ओळी मुद्दाम दिलेल्या नाहीत. कोड पटकन जुना होतो, कारण टिकतात.

हेडलेस म्हणजे डोकं काढलेला ब्राउझर का? मग त्यात काय उरतं?

जवळजवळ सगळं उरतं. एचटीएमएल वाचणं, सीएसएसची मांडणी, जावास्क्रिप्ट, नेटवर्क, कुकी, फाँट, चित्र रंगवणं हे सगळं नेहमीसारखंच चालतं. फक्त पडद्यावर खिडकी उघडत नाही. तुमची स्क्रिप्ट त्या ब्राउझरला वेबसॉकेटवरून किंवा पाइपमधून हुकूम पाठवते: नवीन टॅब उघड, या पत्त्यावर जा, याचा फोटो काढ. क्रोमच्या बाबतीत या बोलीला डेव्हटूल्स प्रोटोकॉल म्हणतात. एफ१२ दाबल्यावर उघडणारं पॅनेलही हीच बोली बोलतं.

हेडलेस ब्राउझर ही एक लायब्ररी आहे असा समज करून घेऊ नका. तुमच्या बिल्डशेजारी चालणारा तो एक पूर्ण, वेगळा आणि जडशीळ प्रोग्राम आहे. त्याला स्वतःची मेमरी लागते, स्वतःचे फाँट लागतात, त्याचं घड्याळ आणि भाषाही वेगळी असू शकते. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

जेएसडॉम असताना एवढा पसारा कशाला?

फॉर्मची पडताळणी, बटण दाबल्यावर यादीत ओळ वाढणं, एवढंच तपासायचं असेल तर खरंच नको. जेएसडॉम म्हणजे नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पानाची नक्कल उभी करणारी लायब्ररी, तो काही क्षणांत उठतो. पण त्याला मांडणी कळत नाही. कुठल्याही घटकाची उंची-रुंदी विचारा, उत्तर शून्य. मेनू मोबाइलवर मजकुरावर चढतो का, चिकटपट्टीसारखा वर राहणारा मथळा खरंच राहतो का, पान छापल्यावर कसं दिसेल, हे त्याला विचारून उपयोग नाही. आमच्याकडे शंभरातल्या नव्वद टेस्ट ब्राउझरविना चालतात आणि उरलेल्या दहासाठी ब्राउझर उठतो. हे प्रमाण उलटं झालेले प्रकल्प पाहिलेत. तिथे बिल्ड सुरू करून लोक जेवायला जातात.

पपेटिअर घ्यावा की प्लेराइट?

पपेटिअर गूगलच्या क्रोम टीमने २०१७ मध्ये आणला. प्लेराइट मायक्रोसॉफ्टकडून २०२० मध्ये आला, आणि तो करणाऱ्यांत आधी पपेटिअरवर काम केलेली मंडळी होती, त्यामुळे दोघांचा चेहरामोहरा सारखा आहे. पीडीएफ, स्क्रीनशॉट, एखादं पान आधीच रेंडर करून ठेवणं अशा कामांना पपेटिअर पुरतो. टेस्टच लिहायच्या असतील आणि सफारीच्या जवळपासचं वेबकिट इंजिनही तपासायचं असेल तर प्लेराइट. दोन्ही एकाच प्रकल्पात ठेवू नका. दोघेही आपापला ब्राउझर उतरवून घेतात आणि डिस्क भरते.

आमचा जुना ग्रंटचा प्रकल्प फँटमजेएसवर आहे. चालतंय तोवर चालू द्यावं का?

फँटमजेएस हा खिडकीविना चालणारा जुना ब्राउझर, आणि त्याचे उपकार मोठे आहेत. २०११ मध्ये अरिया हिदायत यांनी तो आणला, आणि बिल्डमधून खरा ब्राउझर चालवता येतो हे आमच्या पिढीला त्यामुळेच कळलं. त्याआधी लिनक्सवर एक्सव्हीएफबी नावाचा खोटा पडदा उभारून त्यावर फायरफॉक्स नाचवावा लागायचा. पण २०१७ मध्ये क्रोम ५९ सोबत हेडलेस मोड आला, तेव्हा फँटमजेएस सांभाळणाऱ्यांनी हात टेकले. २०१८ मध्ये त्याचं काम अधिकृतरीत्या थांबलं.

आज अडचण अशी, की त्याला 'लेट' आणि बाणाची फंक्शनंसुद्धा कळत नाहीत. एखाद्या अवलंबित पॅकेजने नवा कोड पाठवला की सरळ सिंटॅक्स एरर येते, आणि दोष कुठे आहे ते त्या संदेशावरून समजत नाही. नव्या लिनक्सवर तर तो ओपनएसएसएलच्या सेटिंगवरूनच अडून बसतो. 'ओपनएसएसएल_कॉन्फ' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल डेव्ह-नल या रिकाम्या फाइलकडे वळवलं की चालतो, पण हे दुखणाऱ्या दाढेखाली लवंग धरण्यासारखं झालं.

बदलणं वाटतं तितकं अवघड नाही. क्यूयुनिट आणि जॅस्मिन या टेस्ट लिहिण्याच्या साधनांचे ग्रंटमधले प्लगिन केव्हाच पपेटिअरवर गेले आहेत, तिथे आवृत्ती वाढवली की बरंचसं काम होतं. कार्मा (ब्राउझरमध्ये टेस्ट चालवणारं साधन) असेल तर लाँचरचं नाव बदलून क्रोम-हेडलेस करा. कार्माचंही नवं काम २०२३ पासून बंद आहे, म्हणून नव्या प्रकल्पात तो घेऊ नका.

इन्स्टॉल व्यवस्थित झालं, पण चालवलं की 'क्रोम सापडत नाही' म्हणतो.

पपेटिअरचं पॅकेज बसताना पाठोपाठ एक स्क्रिप्ट चालते आणि क्रोम उतरवते. लिनक्सवर हा ऐवज पावणेतीनशे एमबीच्या घरात जातो. ती स्क्रिप्ट चाललीच नसेल तर पॅकेज आहे पण ब्राउझर नाही, अशी स्थिती होते. पीएनपीएमच्या (एनपीएमसारखंच पॅकेज बसवणारं साधन) दहाव्या आवृत्तीपासून अशा स्क्रिप्ट तुम्ही परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत, आणि काही कंपन्यांत एनपीएमवरही त्या बंद ठेवतात. पपेटिअरच्याच कमांडने ब्राउझर वेगळा उतरवून घ्या.

दुसरं कारण सीआयवर, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर, भेटतं. १९व्या आवृत्तीपासून क्रोम नोड-मॉड्यूल्स या पॅकेजच्या फोल्डरमध्ये न उतरता होम फोल्डरमधल्या कॅशमध्ये उतरतो. सीआयने नोड-मॉड्यूल्स जपून ठेवलं आणि होम पुसलं, की पॅकेज जुन्या साठ्यातून येतं, स्क्रिप्ट चालत नाही आणि ब्राउझर गायब. कॅशची जागा प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये हलवा आणि तीही जपायला सांगा.

प्लेराइटमध्ये प्रत्येक आवृत्तीची गाठ ठरावीक ब्राउझरशी बांधलेली असते. पॅकेज वाढवलं की ब्राउझर पुन्हा उतरवावाच लागतो. हे विसरण्यात आमच्याकडे कुणीच मागे नाही.

गल्पचा टास्क संपतच नाही. कधीकधी उलट, काम व्हायच्या आतच संपतो.

दोन्हीचं कारण एकच: टास्क कधी संपला हे गल्पला कुणी सांगितलेलं नाही.

गल्प ४ पासून प्रत्येक टास्कने प्रॉमिस किंवा स्ट्रीम परत द्यायला हवी, नाहीतर हातात मिळालेला कॉलबॅक तरी बोलवायला हवा. यातलं काहीच केलं नाही तर शेवटी 'डिड यू फर्गेट टू सिग्नल असिंक कम्प्लिशन?' असा संदेश येतो. टास्क 'असिंक' फंक्शन करा आणि आतल्या प्रत्येक हुकुमापुढे 'अवेट' लिहा. एखादा 'अवेट' राहिला तर फोटो काढायच्या आत ब्राउझर बंद होतो आणि 'टार्गेट क्लोज्ड' अशी तक्रार येते. ग्रंटमध्ये यासाठी 'धिस-डॉट-असिंक' बोलवून त्याने दिलेल्या फंक्शनला शेवटी हाक मारायची असते.

आता न संपणारा टास्क. ब्राउझर उघडा राहिला तर नोडची त्याच्याशी जोडणी जिवंत राहते, आणि जोडणी जिवंत असेपर्यंत नोड बंद होत नाही. सगळं सुरळीत झालं तेव्हा तुम्ही 'क्लोज' बोलवता, पण मधेच चूक झाली तर ती ओळ येतच नाही. म्हणून ब्राउझर उघडल्याच्या पुढच्याच ओळीला 'ट्राय' सुरू करायचा आणि 'क्लोज' नेहमी 'फायनली'मध्ये ठेवायचा. टेस्टपुरता उभारलेला सर्व्हरही तिथेच बंद करा. आमच्या कोड रिव्ह्यूमध्ये 'लाँच' दिसलं की नजर आधी 'फायनली' शोधते, बाकीचं नंतर.

'प्रोसेस-डॉट-एक्झिट' लिहून वेळ मारून नेऊ नका. नोड जातो, पण काही वेळा मागे क्रोमच्या प्रोसेस उरतात. सीआयच्या एका मशीनवर अशा अनाथ प्रोसेसचा ढीग मी स्वतः जमवून दाखवला आहे. डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन) कंटेनर सुरू करताना 'इनिट' पर्याय द्या, म्हणजे मेलेल्या प्रोसेस उचलायला कुणीतरी असतं.

बिल्डमध्ये तयार झालेली फाइल डिस्कवरून थेट उघडली तर पान कोरं का?

जावास्क्रिप्ट मॉड्यूल डिस्कवरच्या पत्त्यावरून लोड करायला क्रोम नकार देतो, 'फेच'चंही तेच. छोटा स्थानिक सर्व्हर उभारा. पोर्ट शून्य मागितलं तर ऑपरेटिंग सिस्टीम मोकळं पोर्ट देते, म्हणजे एकाच मशीनवर दोन बिल्ड चालले तरी भांडण नाही. पत्ता मात्र सगळीकडे एकच लिहा. नोड १७ नंतर 'लोकलहोस्ट'चा अर्थ काही मशीनवर आयपीव्ही६ चा पत्ता असा लागतो. मग सर्व्हर एका दारात उभा असतो आणि तुमची स्क्रिप्ट दुसरंच दार वाजवत बसते.

पान पूर्ण लोड झालं हे कसं ओळखायचं? मी दोन सेकंद थांबतो.

तुमच्या लॅपटॉपवर दोन सेकंद खूप होतात. दुपारी सगळ्यांचे बिल्ड एकदम चालू असताना सीआयवर तेच कमी पडतात. मग कुणीतरी त्याचे पाच करतो, पुढे दहा होतात, आणि तरी आठवड्यातून एकदा टेस्ट पडतेच.

पपेटिअरमध्ये 'नेटवर्कआयडल-०' आणि 'नेटवर्कआयडल-२' असे पर्याय आहेत. अर्धा सेकंदभर अनुक्रमे एकही नाही किंवा दोनपेक्षा जास्त नाहीत, इतक्याच विनंत्या चालू असतील तर पान शांत झालं असं ते मानतात. साध्या स्थिर पानाला हे पुरतं. पानावर दर काही क्षणांनी सर्व्हरला विचारणारा एखादा विजेट असेल तर ती शांतता येतच नाही, आणि ३० सेकंदांनी टाइमआउट. प्लेराइटचे लोक तर टेस्टसाठी हा मार्ग वापरूच नका म्हणतात.

आम्ही पानाकडूनच कबुली घेतो. डेटा येऊन यादी रंगली की पानावरचा कोड मूळ घटकावर 'तयार' असं एक गुणधर्म-चिन्ह लावतो, आणि स्क्रिप्ट त्या चिन्हाची वाट बघते. फोटो काढायचा असेल तर त्याशिवाय 'डॉक्युमेंट-फाँट्स-रेडी'चं प्रॉमिस पूर्ण होईपर्यंत थांबतो, नाहीतर मथळा एका फाँटमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात असा फोटो येतो. वाट कशाची बघायची हे ठरवता येत नसेल, तर पान तयार झालं म्हणजे नक्की काय झालं हेच अजून ठरलेलं नाही. तो प्रश्न ब्राउझरचा नाही.

'इव्हॅल्युएट'च्या आत बाहेरचा व्हेरिएबल 'नॉट डिफाइन्ड' कसा?

'इव्हॅल्युएट' म्हणजे पानाच्या आत फंक्शन चालवण्याचा हुकूम. ते फंक्शन तुमच्या फाइलमध्ये लिहिलेलं असलं तरी चालतं ब्राउझरमध्ये. पपेटिअर त्याचा मजकूर करून पलीकडे पाठवतो आणि आजूबाजूचं काहीही सोबत जात नाही. लागेल ती किंमत पुढचा आर्ग्युमेंट म्हणून द्या, आणि ती जेसनमध्ये मावणारी हवी. ईएसबिल्ड या कंपायलरमधून कोड जात असेल तर आणखी एक गंमत होते: कंपायलर फंक्शनच्या आत स्वतःचे मदतनीस टोचतो, आणि तुम्ही कधीच न लिहिलेल्या '__नेम' अशा नावाची चूक पानावर येते. फंक्शनची नावं जपण्याचा पर्याय बंद केला की ती जाते.

डॉकरमध्ये सुरूच होत नाही. 'नो-सँडबॉक्स' लावलं की चालतं. लावू ना?

पान तुमचंच असेल तर आकाश कोसळणार नाही. पण लोकांनी दिलेल्या लिंकांचे फोटो काढायचे असतील तर अजिबात लावू नका. अनोळखी पानावरचा कोड मशीनपर्यंत पोचू नये म्हणून घातलेलं कुंपण तुम्ही स्वतःच काढताय. क्रोम रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवला की सँडबॉक्ससह सुरू व्हायला नकार देतो, म्हणून कंटेनरमध्ये साधा वापरकर्ता तयार करणं हा सरळ उपाय. उबुंटूच्या २३.१० नंतरच्या आवृत्त्यांत ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेच्या नव्या बंधनामुळेही हीच तक्रार येते.

चालता चालता टॅब कोसळत असेल तर संशय शेअर्ड मेमरीवर घ्या. डॉकर ती ६४ एमबीच देतो, आणि मोठ्या पानाला ती पुरत नाही. कंटेनरला एक जीबी द्या, किंवा क्रोमला ती जागा वापरू नकोस असं सांगणारा फ्लॅग लावा. आणि अल्पाइन लिनक्सच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो तो) पपेटिअरने उतरवलेला क्रोम चालत नाही, कारण तिथली सी लायब्ररी वेगळी. डेबियन स्लिम घ्या आणि वाचलेला वेळ सत्कारणी लावा.

फोटोत आणि पीडीएफमध्ये मराठीच्या जागी चौकोन येतात!

हा प्रश्न इंग्रजी पानांवर फारसा दिसत नाही आणि आपल्याकडे पहिल्याच दिवशी येतो. तुमच्या लॅपटॉपवर देवनागरी फाँट आधीपासून असतात, सडपातळ डॉकर इमेजमध्ये एकही नसतो. डेबियनवर 'फाँट्स-नोटो-कोअर' किंवा 'फाँट्स-लोहित-देवा' बसवा. त्याहून बरं म्हणजे पानाला लागणारा फाँट प्रकल्पातच ठेवा. आम्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' आमच्याच सर्व्हरवरून देतो. बिल्ड चालू असताना बाहेरच्या फाँट सर्व्हरवर अवलंबून राहिलं की त्या दिवशीच्या नेटवर्कची मर्जी सांभाळावी लागते.

चौकोन गेले म्हणून थांबू नका, 'ल' आणि 'श' बघा. मराठी वळणाची ही अक्षरं हिंदी वळणापेक्षा वेगळी आहेत. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण मिळण्यासाठी एचटीएमएलमध्ये पानाची भाषा 'एमआर' अशी लिहिलेली हवी. एका संस्थेचा अख्खा वार्षिक अहवाल आम्ही हिंदी वळणाच्या 'ल'मध्ये छापायला पाठवला होता. एका ज्येष्ठ सभासदांनी भिंग न लावता ते पकडलं.

पीडीएफसाठी ब्राउझरच का? हलक्या लायब्ऱ्या आहेत की.

आहेत, आणि त्यातल्या कित्येक 'क्ष्म' किंवा 'र्त्य' आला की गडबडतात. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, रफार भलत्याच डोक्यावर. क्रोमकडे जोडाक्षरं नीट बसवणारं हार्फबझ आहे, त्यामुळे पडद्यावर दिसतं तेच कागदावर उतरतं.

पपेटिअरची काही मुळातली सेटिंग मात्र आपल्या सोयीची नाहीत. कागद अमेरिकन लेटर धरला जातो, ए४ सांगावा लागतो. पार्श्वभूमीचे रंग छापले जात नाहीत, तेही सांगावं लागतं. वरच्या-खालच्या पट्टीला पानाचं सीएसएस लागू होत नाही, तिथे अक्षराचा आकार आतच लिहिला नाही तर मुंगीएवढी अक्षरं येतात. आणि पीडीएफमधून मजकूर परत काढून टेस्ट करायला जाऊ नका, देवनागरी त्यातून उलटसुलट बाहेर येऊ शकते. टेस्ट पानाची करा, पीडीएफ डोळ्यांनी बघा.

शोधाच्या चौकटीत मराठी टाइप होतं, पण सूचना उघडत नाहीत.

अमेरिकन कीबोर्डवर नसलेलं अक्षर पपेटिअर आणि प्लेराइट दोघेही थेट चौकटीत सोडतात. कळ दाबल्याची घटना घडतच नाही, फक्त 'इनपुट' घडतं. तुमचा कोड 'कीडाउन'वर बसला असेल तर तो गाढ झोपलेला राहील. कोडच 'इनपुट'वर हलवा. फोनवर मराठी लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण येत असते, टेस्टने फक्त ती आधी दाखवली.

याच्या शेजारचं दुखणं म्हणजे डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द न जुळणं. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकून. युनिकोडचं सामान्यीकरण या दोन लेखनांना एक करत नाही. तुलना करण्याआधी दुसऱ्या पद्धतीचं पहिलीत रूपांतर करणारं चार ओळींचं फंक्शन आम्ही लिहून ठेवलं आहे.

टेस्ट फक्त मध्यरात्रीनंतर पडते. दिवसा चालवली की पास.

मध्यरात्र ते पहाटे साडेपाच, बरोबर? सीआयचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. त्या साडेपाच तासांत आपल्याकडे उद्या उजाडलेला असतो आणि तिथे अजून काल चालू असतो. टेस्टने तारीख भारतीय वेळेने काढली आणि पानाने ब्राउझरच्या, की जुळणार कशा? पपेटिअरमध्ये पानाचा टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करता येतो, पण तो फक्त पानाला लागू होतो. नोडसाठी 'टीझेड' हे व्हेरिएबल वेगळं ठेवा.

भाषेचंही असंच. हेडलेस ब्राउझर स्वतःला अमेरिकन इंग्रजी समजतो. पानावर आकडे मराठी लोकेलने (भाषा आणि प्रांताच्या सेटिंगने) मांडले तर १,२३,४५६ असे देवनागरीत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह येतात. लोकेल ब्राउझरवर सोडलं तर इंग्रजीत येतात. कोडमध्ये लोकेल स्पष्ट लिहा.

जुना हेडलेस आणि नवा हेडलेस ही काय भानगड?

सुरुवातीचा हेडलेस म्हणजे क्रोमच्या पोटात बसवलेली एक वेगळीच अंमलबजावणी होती, म्हणून काही गोष्टी खऱ्या क्रोमपेक्षा निराळ्या वागायच्या. २०२३ मध्ये क्रोम ११२ सोबत नवा मोड आला, तो म्हणजे तोच क्रोम, फक्त खिडकी न दाखवणारा. क्रोम १३२ पासून जुना मोड मुख्य प्रोग्राममधून काढला आणि 'क्रोम-हेडलेस-शेल' या नावाने वेगळा ठेवला. तो हलका आहे, नुसत्या पीडीएफसाठी छान. टेस्टसाठी नवाच घ्या.

माझ्या मशीनवरचे स्क्रीनशॉट आणि सीआयवरचे कधीच जुळत नाहीत.

जुळणारही नाहीत. मॅक आणि लिनक्स अक्षरांच्या कडा वेगळ्या रंगवतात. तुलनेचे मूळ फोटोही त्याच डॉकर इमेजमध्ये काढा. फरकाची मर्यादा वाढवत नेऊ नका, वेलांटी गायब झाली तरी टेस्ट पास होईल.

बिल्ड हिरवा, आणि साइटवर पान मोडलेलं!

पानावरची चूक ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पडते, तुमच्या टर्मिनलमध्ये नाही. ती तुम्ही मागितली तरच मिळते. पान उघडण्याच्या आधी तीन घटनांना कान लावा: 'कन्सोल', 'पेजएरर' आणि 'रिक्वेस्टफेल्ड'. लक्षात घ्या, ४०४ आलेली विनंती 'फेल' धरली जात नाही, सर्व्हरने उत्तर दिलेलं असतं. त्यासाठी 'रिस्पॉन्स' ऐकून स्टेटस बघावा लागतो. यातलं काही सापडलं तर टास्कमधून एरर फेका, नुसतं लाल अक्षरात छापू नका. लाल अक्षरं सीआय वाचत नाही, एक्झिट कोड वाचतो.

एवढं करूनही कळत नसेल तर?

खिडकी उघडा. लाँच करताना हेडलेस बंद करा, 'स्लो-मो'मध्ये शे-दोनशे मिलिसेकंद द्या आणि खुर्चीत मागे टेकून बघा. दहातल्या सात वेळा कुकीची परवानगी मागणारी पट्टी बटणावर येऊन बसलेली दिसते.